मामाची सुशीला

पातेलंभर मुरमुरे भिजवले की हातात वाटीभरच उरतात. किश्श्यांचं उलटं असतं राव! घडतं वाटीभर, आणि आमच्या कासारवाडीच्या गल्लीतून एक चक्कर मारून परत येईस्तोवर पातेलं भरून वाहायला लागतं. मी तुम्हाला वाटीतलंच सांगतो. थोडं फुगलेलं वाटलं तर तो गल्लीचा दोष.

तर मी बंट्या. बारावीत अकाउंट्सनं मला सोडलं, मग मी बारावीला सोडलं. राहतो मामाकडं. दिगूमामा मूळचा नांदेडकडचा, चाकणला एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. म्हणजे मशीनमधून पार्ट आला की तपासायचा. बरोबर असला तर 'ओके'ची हिरवी चिकटी, चुकला तर 'एनजी'ची लाल. एनजी म्हणजे नो गुड. पार्ट बाद!

पण मामा कायम नाही हां, कंत्राटी. आणि कंत्राटी म्हटलं की ब्रेक आलाच. चहा-बिस्किटाचा ब्रेक नव्हे भावा! काही महिने काम झालं की साहेब सांगतात, "आता घरी बसा, ब्रेक संपला की फोन करू." फोन कधी लवकर येतो, कधी येतच नाही. तोवर मामा घरात बसून मामीनं निवडलेले तांदूळ पुन्हा तपासतो. मामी घरी शिलाई मशीन चालवते, आणि घरही तीच चालवते.

अशाच एका ब्रेकच्या पहिल्या सकाळी मामा सुशीला खात बसला होता. दचकू नका! सुशीला हा आमच्या मराठवाड्यातला नाश्ता आहे. मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी द्यायची, वरून डाळव्याचं पीठ, कोथिंबीर, लिंबू. संपला विषय. त्याला बाईचं नाव का, ते मामालाही माहीत नाही. त्यानं लहानपणी त्याच्या आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "गप खा."

मामा घास गिळून म्हणाला, "बंट्या, इकडं लोक नुसतं पोहे-पोहे करायलेत. एकदा माझी सुशीला खाल्ली ना, रांगा लागतील रांगा!"

हे वाक्य मी दात पडायच्या वयापासून ऐकतोय. त्या दिवशी डोकंच फिरलं माझं.

"मग लाव की गाडी! ब्रेक आहे, हात रिकामे आहेत. लावशील आणि कंपनीचा फोन आला की शेपूट घालून पळशील. लाव पैज, पळालास तर मिशी काढायची!"

मामाची मिशी म्हणजे घरातली सगळ्यात जपलेली वस्तू. त्यानं ती दोन बोटांनी चाचपली. शहाणा माणूस असता तर उठून गेला असता. मामा म्हणाला, "लागली! आन् नाही पळालो तर तू बारावीला परत बसायचं. अकाउंट्ससकट!"

मी पण म्हणालो, "लागली!" दोघांत जास्त येडा कोण, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मामी स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "फोन आला की कंपनीत जायचं. हे खूळ तोवरच. ऐकू आलं का दोघांना?"

*

पहिला दिवस. कासारवाडी स्टेशनबाहेर हातगाडी, वर पाटी 'सुशीला'. पेंटरनं मोठी अक्षरं काढली म्हणून पुढं 'नाश्ता सेंटर' लिहायला जागाच उरली नाही.

लोक बघायचे आणि लोकल पकडायला निघून जायचे. मी म्हटलं, "मामा, ओरडल्याशिवाय काय खरं नाही." मामा लाजत होता. मग एकदाचा सुटला, "सुशीला! ओ सुशीला! सुशीलाss!"

दोन मिनिटांत एक हवालदार धावत आले. खिशातून डायरी काढली.

"घाबरू नका काका, शोधू आपण. कधीपासून दिसत नाही?"

मामाला वाटलं, हे आपल्या धंद्याची चौकशी करायलेत. म्हणाला, "साहेब, इकडं कुठंच दिसत नाही. म्हणून तर मी आणली."

"रंग कसा?"

"पिवळा."

"साडीचा?"

"हिचाच! हळदीचा."

हवालदारांनी हळद लागलेली नवरी समजून घाईघाईनं लिहिलं. "अंगावर काय होतं?"

"शेंगदाणे. आन् वरून कोथिंबीर."

हवालदारांचं पेन थांबलं. त्यांनी पाटी बघितली, पातेलं बघितलं, मला बघितलं. मी गाडीखाली बसून हसत होतो ना! मग डायरी बंद करून म्हणाले, "सापडलीच आहे तर एक प्लेट द्या."

पहिलं गिऱ्हाईक!

*

खरी सुशीला दुसऱ्याच दिवशी आली. आमच्या घरमालकीणबाई, सुशीलाकाकू. कासारवाडीचं जुनं घराणं. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी, तोंडात दात नावालाही नाही, पण आवाज असा की सिग्नलला गाड्या थांबाव्यात.

कमरेवर हात ठेवून गाडीपुढं उभ्या. "काय रं दिगू? माझ्या नावावर धंदा लावला व्हय? गल्लीत पोरं म्हंत्यात, काकू, तुम्ही पलेटीत मिळताय!"

पोरं म्हणजे मीच म्हणालो होतो. मी खांबामागं सरकलो.

मामानं हात जोडून समजावलं. आमच्याकडच्या नाश्त्याचंच नाव हे, तुमचा काही संबंध नाही. काकूंना काही पटेना. शेवटी मामानं एक प्लेट पुढं केली. काकूंनी दात नसलेल्या तोंडानं ती लोण्यासारखी संपवली. भिजवलेलेच मुरमुरे, चावायचं कामच नाही!

मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मिठाला कमी हाय. माझ्या नावाची बदनामी न्हाई झाली पायजे. म्या रोज येऊन चव बघनार."

तेव्हापासून रोज येतात. फुकट. मामा म्हणतो, कंपनीत इतकी कडक क्वालिटी त्यानं बघितली नाही.

*

पण मामाच्या अंगातली कंपनी काही जाईना. एकदा पातेल्यात एक शेंगदाणा जळका निघाला. समोर सात-आठ माणसं उभी. मामानं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि दोन्ही हात वर केले.

"थांबा! लॉट होल्डवर आहे!"

"काका, लोकल यायलीय, द्या पटकन!"

"एक एनजी निघाला की सगळा लॉट तपासावा लागतो."

सगळी माणसं समोरच्या पोह्यांच्या गाडीवर गेली. मामा चमच्यानं शेंगदाणे उलटेपालटे करत बसला.

आता एवढं होऊन मी गप्प बसणार? चिकट्यांचं एक पाकीट मामाच्या ड्रॉवरमध्ये होतंच. दुसऱ्या दिवशी 'एनजी'ची लाल चिकटी मी त्याच्या पाठीवर थापली आणि म्हटलं, "शाब्बास मामा, लढ!"

सकाळभर कंपन्यांमधली पोरं येऊन हसत होती. मामाला वाटलं, सुशीलातच काहीतरी बिघडलंय. त्यानं मीठ बघितलं, लिंबू बदललं, आरशात मिशी बघितली. काहीच सापडेना. घरी आल्यावर मामीनं पाठीवरची चिकटी काढली, वाचली आणि माझ्याकडं वळली. मी दाराकडं पळायच्या बेतात.

"चिकटवायचीच होती तर लग्नाआधी का नाही चिकटवलीस? मी तेव्हाच रिजेक्ट केलं असतं!"

*

मग एक दिवस वाकडचा एक दादा आला. लॅपटॉपची बॅग, गळ्यात कार्ड, दाढी अशी कोरलेली की मोजून घ्यावी. त्यानं एक प्लेट खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरीला डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, धिस इज अ स्टार्टअप!"

मामा म्हणाला, "नाही, ही सुशीला आहे."

दादा ऐकायच्या पलीकडं गेला होता. ॲप काढू, वाकडला शाखा, हिंजवडीला शाखा, डब्यावर तुमचा फोटो! मला तर नुसतं ऐकूनच चढली. मी मनात मॅनेजर झालो, एसी केबिनमध्ये बसलो, बारावीवाल्या पोरांना नोकऱ्या दिल्या!

दादानं विचारलं, "काका, तुमचं व्हिजन काय?"

"जवळचं दिसत नाही. चष्मा लागलाय."

तेवढ्यात मामी डब्यात कोथिंबीर घेऊन आली. दादा तिलाच सांगायला लागला, "काकू, काकांना अडवू नका. माणसाकडं पॅशन पाहिजे! पॅशन आहे ना तुमच्याकडं?"

मामीनं डबा गाडीवर आदळला.

"होती की. चांगली चालू होती, लिटरला पन्नास द्यायची. ती विकूनच तर ही गाडी घेतली यांनी!"

खोटं नाही बोलली ती. मामानं चाकणला जायची 'पॅशन' मोटरसायकल विकूनच हातगाडी घेतली होती. दादा जो गेला तो परत आला नाही. माझी एसी केबिनही त्याच्या बॅगेतून गेली.

*

आता जरा माझ्या कर्तबगारीचं. मला आवाज काढता येतात. सुशीलाकाकूंचा येतो, हवालदारांचा येतो, आणि मामीचा तर असा येतो की मामा दोनदा फसून दळण घेऊन आलाय.

महिना उलटून गेला होता. धंदा बरा चालला होता. गिऱ्हाइकं नावानं मागायला लागली होती. पण मामी फोनकडं बघत बसायची. फोन एकच, मामाचा, आणि त्याची बॅटरी म्हातारी, म्हणून तो दिवसभर घरी शिलाई मशीनशेजारी चार्जिंगला. सुई चालू आणि एक डोळा फोनवर. मला बारावी दिसायला लागली होती. हा माणूस पळत नाहीये राव!

म्हणून एका संध्याकाळी मित्राच्या फोनवरून मी मामाला फोन लावला. सावंतसाहेबांच्या आवाजात. सावंतसाहेब म्हणजे मामाचे कंपनीतले सुपरवायझर, कोकणातले.

"दिगंबरराव, ब्रेक संपलो हां. उद्या फर्स्ट शिफ्टला येवा!"

मला वाटलं, मामा आवाज ओळखून शिव्या घालेल. तर तो फक्त "हो साहेब" म्हणाला आणि ब्रेक लागल्यापासून घडी घालून ठेवलेला युनिफॉर्म काढून बसला. आता खरं सांगायचं तर मार, नाही सांगायचं तर... मी झोपून टाकलं.

सकाळी मामा बसनं चाकणला गेला. गेटवर वॉचमननं सांगितलं, "ब्रेकवाल्यांना अजून बोलावलं नाही, कुणी सांगितलं तुम्हाला?"

मामा दुपारी परत आला. तोवर मित्रानं फोडलं होतं आणि मामी लाटणं घेऊन माझ्यामागं घरभर फिरत होती. दोन बसलेही होते. मामानं तिचा हात धरला.

"मारू नको त्याला."

"का मारू नको? गेटवरून परत पाठवलं तुम्हाला! तोंड वर करून कसं आलात?"

मामा चपला काढत म्हणाला, "जाताना दर स्टॉपला उतरून परत यावंसं वाटत होतं गं. वॉचमन म्हणाला, अजून बोलावलं नाही, आन् मी त्यालाच थँक्यू म्हणालो. येताना बसस्टॉपपासून शिट्टी वाजवत आलो. मला येते शिट्टी, हेच विसरलो होतो."

मामीनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. लाटणं तसंच हातात. मी त्या गडबडीत कपाटामागं शिरलो, त्यामुळं पुढचं काय ते मला माहीत नाही.

*

आता शेवटचा. हा सांगताना मी आधी पाणी पिऊन घेतो.

गुरुवार होता. गुरुवारी आमच्या भागात कंपन्यांना सुट्टी, त्यामुळं गाडीवर झुंबड. मामी पण आली होती, गाडीमागं पाटावर बसून मुरमुरे पिळत होती. समोर एक गाडी थांबली. त्यातून उतरले खरे सावंतसाहेब, आणि सोबत मामाच्या लाईनवरचे सगळ्यात जुने पाटीलकाका. दोघांचे चेहरे असे, की कुणीतरी गेलंय.

साहेबांनी पाटी वाचली. 'सुशीला'. पाटीलकाकांच्या कानात म्हणाले, "बघा! नावसुद्धा तिचंच लावलंय!"

मी शेजारीच उभा होतो. माझे कान टवकारले.

"दिगंबरराव, जरा बाजूला येता?"

"इथंच बोला साहेब, हात गुंतलेत."

"लोकांसमोर?"

"लोकांपासून काय लपवायचं?"

साहेबांनी रुमाल काढला. "म्हणजे सगळ्यांना माहीत आहे?"

"हळूहळू व्हायलंय साहेब. तोंडातोंडी पसरायलंय."

"दिगंबरराव, तुम्ही सरळ माणूस. माझं ऐका. तिला सोडा."

"कुणाला?"

"सुशीलाला!"

मामा उलथनं धरून उभाच राहिला. "सुशीलाला सोडू? साहेब, तिच्यावर घर चालायलंय माझं!"

"अरारारा!" पाटीलकाकांनी कपाळावर हात मारला.

"आणि वहिनी? त्यांना कळलंय का हे?"

"कळलंय म्हणजे? तीच तर पहाटे उठून तिची सगळी तयारी करून देते!"

साहेब बाकड्यावर बसले. बसले म्हणजे पडलेच. एकदम बारीक आवाजात विचारलं, "हे कधीपासून चालू आहे?"

"लहानपणापासून साहेब! माझ्या आईनं लावलेला नाद!"

तुम्हाला वाटेल, मी एका वाक्यात सगळं सोडवू शकलो असतो. शकलो असतो की! पण असला दिवस रोज येतो का?

साहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. "मला एकदा भेटवा तिला. मी समजावतो."

नेमक्या तेव्हाच मागून आवाज आला. "कोन सुशीला-सुशीला करतंय? म्या हाय की हितं! काय समजावतो? समजाव!"

सुशीलाकाकू. एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामी प्लेट.

साहेबांनी वळून बघितलं. खालून वर, वरून खाली. मग मामाकडं बघितलं आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "दिगंबरराव...!"

मी जमिनीवर लोळत होतो. खरंच लोळत होतो, शर्टाला अजून डाग आहे.

शेवटी मामाच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं एक प्लेट भरून साहेबांच्या हातात दिली. "साहेब, ही सुशीला! आमच्याकडचा नाश्ता!" साहेबांनी प्लेटीकडं बघितलं, काकूंकडं बघितलं आणि हसत सुटले. पाटीलकाका तर बाकड्याला धरून हसले.

मग साहेब डोळे पुसत म्हणाले, "पण मग आमच्या ऑफिसला तसं कोण बोललं?"

"काय बोललं?"

"मागच्या आठवड्यात तुम्हाला फोन गेला होता. ब्रेक संपला, कामावर या म्हणून. एका बाईनं उचलला. म्हणाली, ते आता सुशीलाला सोडून यायचे नाहीत. आणि ठेवून दिला! आम्हाला वाटलं, तीच ती! सगळी लाईन काळजीत. मी म्हटलं, चांगला माणूस वाया जायला नको, म्हणून तुमची जागा अजून धरून ठेवलीय. बोला, सोमवारी येताय?"

मामाचं हसू तिथंच थांबलं. उलथनं पण थांबलं.

"फोन आला होता?"

पातेल्यातून करपल्याचा वास यायला लागला, तरी मामाचं लक्ष नव्हतं. आधी मामानं माझ्याकडं बघितलं. मग काकूंनी. मग ज्यांना मी ओळखतही नाही त्या गिऱ्हाइकांनी. बाईचा आवाज. फोन. कासारवाडीत असं करणारा एकच माणूस!

"बंट्या," मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. "चिकटी लावलीस, हसलो. गेटवर पाठवलंस, सोडून दिलं. पण माझी नोकरी, बंट्या? ती पण तुला गंमत वाटली?"

"मामा, आईशप्पथ मी नाही!"

"मग कोण?"

"अरे डोकं लाव की! तू गाडीवर राहिलास तर बारावी कुणाला द्यायला लागतीये? मला! अकाउंट्ससकट! मी तुला कंपनीत ढकलायला फोन केला होता, मी कशाला तुझी नोकरी घालवू?"

मामा विचारात पडला. साहेब विचारात पडले. अकाउंट्सचं नाव ऐकून एका गिऱ्हाइकानं पण मान हलवली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि पुरावाही माझ्या बाजूनं होता!

तेवढ्यात गाडीमागून पाणी निथळल्याचा आवाज आला.

मामीनं मुरमुऱ्यांची मूठ घट्ट पिळली, परातीत टाकली, दुसरी घेतली.

"फोन मी उचलला होता," ती वर न बघता म्हणाली. "आणि यात खोटं काय बोलले? साहेब, लिंबू पिळू का?"